अभिनंदनाचा पत्ता

पत्रावरचा पत्ता चुकला तर पोस्टमन ते परत नेतो. अभिनंदनाचे तसे नाही. ते भलत्याच माणसाच्या हाती पडले तरी तो हसतमुखाने ठेवून घेतो आणि देणाऱ्यालाही काही चुकल्यासारखे वाटत नाही. आमच्या मध्यमवर्गीय घरांतून ही गफलत नवराबायकोच्या बाबतीत सर्रास होते. नवऱ्याला बढती मिळाली की पेढे नवऱ्याच्या नावाचे. बायकोला बढती मिळाली की तेही बहुधा नवऱ्याच्याच नावाचे!

यंदा जून महिन्यात आमची सौ. मुख्याध्यापिका झाली. सव्वीस वर्षांपूर्वी ती याच शाळेत सहशिक्षिका म्हणून लागली; मग पर्यवेक्षिका, मग उपमुख्याध्यापिका आणि आता कोपऱ्यातल्या खोलीतली ती खुर्ची. खुर्ची म्हटली की लोकांना रुबाब दिसतो. मला दिसतो तो पोषण आहाराच्या तांदळाचा हिशेब, गळक्या वर्गाची दुरुस्ती आणि ‘आमच्या मुलाची तेवढी तुकडी बदला’ म्हणत दारात उभे राहणारे पालक. यांतली बरीच कामे ती आजवर दुसऱ्याच्या सहीसाठी करीत होती. आता सही तिची. फरक एवढाच, पण तो थोडका नव्हे.

बातमी कळताच वाईहून आईचा फोन आला, “शनिवार-रविवार दोघंही या.” आम्ही डोंबिवलीहून निघालो. शिरवळ मागे पडले आणि गाडी खंबाटकीच्या घाटाकडे लागली, तेव्हा सौ. म्हणाली, “इथूनच आत नायगावला जातात, नाही?”

नायगाव म्हणजे सावित्रीबाई फुल्यांचे जन्मगाव. त्या तेथे १८३१ साली जन्मल्या. १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा निघाली आणि सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या. त्यांना लिहायला-वाचायला जोतीरावांनी शिकवले, हे आपण सारे जाणतो. परंतु शाळेच्या वाटेवर शेणमातीचा मारा सोसत जाणे, हे काम त्यांचे त्यांनाच करावे लागले. १८४९ साली दोघांना राहते घर सोडावे लागले. पुढे १८५२ साली विश्रामबाग वाड्यात सरकारने या शाळांच्या कामाबद्दल सत्कार केला, तेव्हा शालजोडी मिळाली ती जोतीरावांना. त्यांच्या थोरवीला यामुळे उणेपणा येत नाही. पत्त्याचा घोटाळा किती जुना आहे, एवढेच यावरून ध्यानात यावे.

वाईच्या घरी पाऊल ठेवतो न ठेवतो तोच शेजारच्या काकू आल्या आणि मलाच म्हणाल्या, “अभिनंदन हो! तू करू दिलंस म्हणून झालं सगळं.” मी म्हटले, “काकू, परीक्षा तिनं दिल्या, नोकरी तिनं केली. ती ही बघा, तुमच्यासमोरच उभी आहे.” काकू हसल्या, त्यांना वाटले, मी विनय दाखवतोय. बाबांनी विचारले, “पगार किती वाढला?” धाकटा भाऊ म्हणाला, “आता वहिनींना घराकडे बघायला वेळ कसा मिळणार?” कोणाच्या मनात काही वाईट नव्हते. सगळ्यांना मनापासून आनंद झाला होता. फक्त तो आनंद तिच्यापर्यंत पोचेपर्यंत चार ठिकाणी अडत होता.

इकडे जिचा सत्कार, ती पदर खोचून पुरण वाटायला निघाली. आपल्याकडे ही आणखी एक गंमत आहे. बाईच्या कौतुकाची मेजवानी बाईनेच रांधायची! पण आई स्वयंपाकघराच्या दारात आडवी उभी राहिली. “आज तू इथं पाऊल टाकायचं नाहीस,” असे म्हणून तिने सुनेला बाहेर पाटावर बसवले, कुंकू लावले, ओवाळले आणि हातावर साताऱ्याचा कंदी पेढा ठेवला. मग वाणसामानाच्या यादीचा कागद उलटा करून पुढे केला आणि म्हणाली, “मुख्याध्यापिकेची सही कशी करतेस गं? दाखव बघू.”

सौ.ने सही केली. आई ती बराच वेळ पाहत राहिली. मग कोणाकडेही न बघता म्हणाली, “अडुसष्ट साली मलाही शिक्षिकेच्या नेमणुकीचं पत्र आलं होतं. लग्नाला चार महिने झाले होते. ते पत्र कुणी फाडलं नाही, कुणी रागावलंही नाही. कुणी काही बोललंच नाही. ‘बरं झालं’ एवढंसुद्धा नाही. मग मीच ते फडताळात ठेवून दिलं.”

बाबा वर्तमानपत्र दुमडीत राहिले. भाऊ उठला आणि न सांगता पुरण वाटायला बसला.

अभिनंदन ही नुसती तोंडदेखली रीत नव्हे, हे मला तेव्हा उमगले. नुसत्या न बोलण्यानेही एखादी नोकरी जाते. म्हणूनच ११ मार्च १८८६ या दिवसाचे मला मोठे अप्रूप वाटते. त्या दिवशी फिलाडेल्फियात आनंदीबाई जोशींना डॉक्टरकीची पदवी मिळाली. गोपाळराव सोहळ्याला हजर होते आणि पंडिता रमाबाई त्यासाठी इंग्लंडहून समुद्र ओलांडून आल्या होत्या. गोपाळराव स्वभावाने कडक, बायकोला अभ्यासापायी त्यांनी जाचही केला. पण त्या दिवशी पदवी घेणारी ती होती आणि पाहणारे ते. पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत आनंदीबाई गेल्या. सोहळा उद्यावर ढकलू नये, तो याचसाठी.

आता पाडवा आलाच आहे. बायकोने नवऱ्याला ओवाळावे आणि नवऱ्याने तबकात ओवाळणी घालावी, ही रीत गोड आहे. ती मोडा असे मी म्हणणार नाही. पण वाचकहो, यंदा तुमच्या घरातल्या बाईच्या हातून काही मोठे काम पार पडले असेल, तर ओवाळून झाल्यावर तेच तबक तिच्या हातून घ्या आणि एकदा तिलाही ओवाळा. वात तीच, तूपही तेवढेच लागते. आणि तिचे नाव घेऊन ‘अभिनंदन’ म्हणा, जरा मोठ्याने. शेजारच्या काकूंना ऐकू जाऊ द्या.