पुढच्या कार्डाची वाट बघताय?

‘थांब रे, पुढच्या सिरीजमध्ये मेमरी वाढणारे!’ असं छातीठोक सांगणारा एक मित्र प्रत्येक ग्रुपमध्ये असतोच. त्याला विचारा, लॅपटॉपच्या आरटीएक्स ३०७०ला २०२१मध्ये ८ जीबी होती, २०२३च्या ४०७०ला ८, मग २०२५च्या ५०७०ला किती? तीही ८च! ‘आत्ता साधा घेऊ, नंतर कार्ड बदलू’ हेही डोक्यातून काढा. बहुतेक लॅपटॉपमध्ये ते मदरबोर्डलाच सोल्डर केलेलं असतं. वाढली तर रॅम आणि एसएसडी, तीही स्लॉट असेल तर. घरचे एकदाच पैसे देणार, म्हणून नुसतं नाव नको, वॅट विचारा. तेच ४०६० एका लॅपटॉपमध्ये ३५ वॅटवर चालतं, दुसऱ्यात ११५वर. प्रोजेक्ट याच सेमिस्टरला असेल, तर आत्ताच घ्या. नुसतं गेमिंगच करायचं असेल, तर खुशाल थांबा!