आवर्तनाचा हिशोब चारीच्या मुखाशी मिळावा

प्रति,
मा. अधीक्षक अभियंता व प्रशासक,
लाभक्षेत्र विकास प्राधिकरण

विषय : कालव्याच्या पाण्याचे मोजमाप, आवर्तनाच्या नोंदी आणि देखरेखीत पाणी वापर संस्थांचा सहभाग याबाबत

महोदय,

धरणातून किती क्युसेक पाणी सुटले, हे शेतकऱ्याला वर्तमानपत्रातून कळते. त्याच्या चारीच्या मुखाशी त्यातले किती आले, हे त्याला कुणीच सांगत नाही. कालव्याच्या टेलकडील लाभधारक हे निवेदन देत आहेत ते याच उत्तरासाठी. जादा पाणी त्यांनी मागितलेले नाही. मंजूर झालेले पाणी वाटेत कुठे आणि कशाने घटले, याचा हिशोब त्यांना हवा आहे.

ही वाट लहान नसते. जायकवाडीचा डावा कालवा 208 किलोमीटरचा, उजवा 132 किलोमीटरचा. एवढ्या अंतरात पाझर असतो, न लागणारे दरवाजे असतात, भरावातून चोरून टाकलेले पाइप असतात. रात्री पाणी धरायला माणूस नसला की ते सरळ नाल्याला जाते. ही सगळी तूट शेवटी टेलच्या वाट्याला येते.

तूट म्हणजे नेमके काय, हे आकड्यात पाहावे. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण 28 लिटर, दिवसाला सुमारे 2,447 घनमीटर. आठ सेंटीमीटरची पाळी धरली तर तेवढ्यात तीन हेक्टर रान भिजते. सात दिवसांच्या आवर्तनात चारीला एकच क्युसेक कमी आला, तरी एकवीस हेक्टर रान कोरडे राहते. गहू निसवताना किंवा हरभऱ्याचे घाटे भरताना ही पाळी चुकली, तर नंतर कितीही पाणी दिले तरी उतारा भरून येत नाही. त्या शेतकऱ्याने पाणी मागणीचा नमुना 7 चा अर्ज वेळेत भरलेला असतो, बियाणे आणि खत त्याच भरवशावर मातीत गेलेले असते.

मोजणी होते, असे खात्याकडून सांगितले जाते. पण ती कशी होते, ते जागेवर येऊन पाहावे. चारीच्या मुखाशी फ्ल्यूम असते, तिच्या भिंतीवर सेंटीमीटरची पट्टी असते. पट्टीवरची खोली वाचून कोष्टकातून प्रवाह काढायचा, अशी रीत आहे. ही रीत खरी ठरते ती खालची चारी मोकळी असेल तरच. चारीत गाळ आणि पानकणीस माजले की पाण्याला फुगवटा येतो. पट्टीवर खोली जास्त दिसते, प्रत्यक्ष प्रवाह मात्र कमी असतो. मग वहीत पाणी पूर्ण दिल्याची नोंद होते आणि रान अर्धेही भिजत नाही. घनमापनाने पाणीपट्टी आकारली जाते तेव्हा तर संस्थेला न मिळालेल्या पाण्याचेही पैसे भरावे लागतात. ही बाब लाभधारकांना सर्वांत जास्त लागते, आणि ती दुरुस्त करायला नवा कायदा लागत नाही.

कायदा 2005 पासून आहेच. महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियमाने पाणी वापर संस्थांना मोजून पाणी देण्याचे तत्त्व स्वीकारले. व्यवस्थापन समितीत हेड, मध्य आणि टेल या तिन्ही भागांना समान जागा दिल्या. हस्तांतरणाआधी संयुक्त पाहणी सांगितली. त्याच वर्षी जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा आला आणि पाणी वापर हक्काची भाषा कागदावर उतरली. राज्याने 2003-04 च्या सुमारास प्रकल्पांचे जललेखे प्रसिद्ध करायला सुरुवात केली, हेही मोठे पाऊल होते. पण हा लेखा प्रकल्पापाशी थांबतो. चारीपर्यंत उतरत नाही.

शेतकऱ्यांच्या हाती कारभार दिला तर तो नीट चालत नाही, ही शंका अजूनही ऐकू येते. तिला नाशिक जिल्ह्यातील वाघाड प्रकल्पाने उत्तर दिलेले आहे. समाज परिवर्तन केंद्राचे बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी 1990 च्या सुमारास ओझर परिसरात, म्हणजे टेललाच, पाणी वापर संस्था उभ्या केल्या. पुढे प्रकल्पावरील संस्थांचा मिळून प्रकल्पस्तरीय संघ झाला. त्याहून जुना दाखला पांझरा खोऱ्यातील फड सिंचन पद्धतीचा आहे. तिथे पाटकरी गावकरी नेमत, आणि तो वाटपासाठी त्यांनाच बांधील असे.

म्हणून लाभधारकांची मागणी आहे की, रब्बीच्या पहिल्या आवर्तनाआधी प्रत्येक चारीच्या मुखाशी असलेले मोजमापाचे साधन संस्थेच्या प्रतिनिधीसमक्ष तपासून दुरुस्त करावे आणि खालचा गाळ काढल्याशिवाय तिथली नोंद ग्राह्य धरू नये. आवर्तन चालू असताना सकाळी व संध्याकाळी नोंद घ्यावी, तिच्यावर कालवा निरीक्षक आणि संस्था या दोघांच्या सह्या असाव्यात आणि दुसऱ्या दिवशी तीच नोंद ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावी. वाटप टेलकडून हेडकडे व्हावे. तसे करणे कुठे शक्य नसेल, तर कारण लेखी द्यावे. पाणीपट्टीचे बिल याच नोंदीवरून निघावे. कालवा सल्लागार समितीच्या बैठकीला शेवटच्या चारीवरील संस्थेला बोलवावे आणि इतिवृत्ताची प्रत प्रत्येक संस्थेला मिळावी. आवर्तन संपल्यावर पंधरा दिवसांत, किती सोडले आणि कुठे किती पोहोचले, हे गावसभेत वाचून दाखवावे. कालव्यावरची रिकामी पदे भरेपर्यंत संस्थांनी सुचवलेले पाटकरी मानधनावर घ्यावेत, म्हणजे रात्रीचे पाणी वाया जाणार नाही.

या बदल्यात संस्था पोटचाऱ्यांची सफाई श्रमदानाने करतील, थकीत पाणीपट्टीच्या वसुलीत खात्याला साथ देतील आणि दरवाजे फोडणारा आपला सभासद असला तरी त्याच्यावर कारवाईची शिफारस करतील. तसे ठराव या निवेदनासोबत जोडले आहेत.

रब्बीचे नियोजन 15 ऑक्टोबरच्या साठ्यावर होते. त्यापूर्वी संयुक्त पाहणीची तारीख लेखी कळवावी आणि पाहणी मुख्य कालव्यावरच्या पुलावर न थांबवता शेवटच्या दारापर्यंत न्यावी, ही विनंती.

कळावे,
टेलकडील पाणी वापर संस्थांचे सभासद व लाभधारक शेतकरी