बोलणारी मुकी नव्हती, ऐकणारे बहिरे होते

विद्वानांच्या सभेंत हल्लीं तीन शब्दांचा मोठा गाजावाजा आहे : स्त्रीवाद, वसाहतोत्तर साहित्य आणि साहित्यसिद्धांत. हे शब्द ऐकून कुणब्या-सुताराच्या घरानें बिचकूं नये. बाईवर जुलूम कां होतो, हा पहिला प्रश्न. परक्या सत्तेखालीं नांदलेल्या लोकांनीं आपली हकीगत कशी सांगितली, हा दुसरा. आणि पुस्तकांत लिहिलेलें कोणाच्या सोयीचें आहे हें ओळखावें कसें, हा तिसरा. हे तिन्ही प्रश्न बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनीं १८८२ सालींच विचारले होते!

१८८१ सालीं सुरतेस विजयालक्ष्मी नांवाच्या ब्राह्मण विधवेस बालहत्येबद्दल फांशी सुनावली. पुढें अपिलांत शिक्षा काळ्या पाण्यावर आली. न्यायासन इंग्रजांचें. विधवाविवाहाचा कायदा १८५६ सालींच झालेला, पण रूढी त्याला जुमानीत नव्हती. आणि वर्तमानपत्रांतून साऱ्या स्त्रीजातीस दूषणें देणारे आपलेच देशबांधव! त्या अर्भकाला बाप नव्हता काय? चोर सोडून संन्याशास सुळीं, तो हाच न्याय.

या संतापांतून ताराबाईंनीं ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिली. स्त्रियांच्या माथीं मारलेला एकेक दुर्गुण घेऊन तो पुरुषांत किती अधिक आहे, हें त्यांनीं दाखविलें. त्या तेवढ्यावर थांबल्या नाहींत. बायकांना कपटी रंगविणाऱ्या त्या वेळच्या गोष्टींचा व नाटकांचाही त्यांनीं समाचार घेतला. लेखणी पुरुषाच्या हातीं, म्हणून दोष बाईच्या पदरीं. याहून निराळा साहित्यसिद्धांत तो कोणता?

पुढें १९८८ सालीं गायत्री चक्रवर्ती स्पिवाक यांचा इंग्रजी निबंध गाजला : दबलेल्यांना बोलतां येतें काय? त्यांचा रोख जिभेवर नाहीं; तिचें बोलणें कोणी ऐकून घेत नाहीं, यावर आहे. प्रश्न रास्त आहे. पण त्याचा घोष करणाऱ्या आमच्या पंडितांनीं आधीं आपलें कपाट उघडावें. ताराबाईंचें पुस्तक स. गं. मालशे यांनीं पुन्हां छापलें तें १९७५ सालीं, म्हणजे ९३ वर्षांनीं! इंग्रजींत तें १९९४ सालीं गेलें, तेंही रोझालिंड ओहॅन्लन या परदेशी विदुषीच्या हातून.

आणि आपण तरी कोण मोठे साव? जोतीराव फुले यांनीं १८८५ सालीं ‘सत्सार’मध्यें ताराबाईंची बाजू घेतली. त्यांचें नांव आपण सभेंत घेतों, आणि घरीं बायको बोलूं लागली कीं डोळे वटारतों. इंग्रज १९४७ सालीं गेला. घरांतल्या साहेबाला कोण घालविणार? सगळें खापर परक्यांवर फोडणारा सिद्धांत अर्धाच खरा. उरलेला अर्धा आपल्या उंबरठ्याआंत आहे.

तेव्हां बंधूंनो, तें पुस्तक मिळवा. रात्रीं जेवणें झाल्यावर लेकीला मोठ्यानें वाचूं द्या. पुरुषांनीं मुकाट्यानें ऐकावें, आणि पहिलें उत्तर घरच्या बाईनें द्यावें.