आलू की बटाटा?

सुट्टीत ग्वाल्हेरला घरी गेलो की माझी संध्याकाळ नई सडकेवर जाते. तव्याच्या कडेने टिक्क्या मांडलेल्या, मध्ये तेल चुरचुरते आहे, वरून दही आणि चिंचेची सोंठ! तेथे मी "भैया, आलू टिक्की" म्हणतो आणि घरी येऊन आजीकडे बटाट्याच्या काचऱ्या मागतो. आजीला हे रुचत नाही. १८१० साली दौलतराव शिंद्यांची छावणी पडली म्हणून आमच्या भागाला लष्कर म्हणतात. "इतक्या पिढ्या जपलेलं मराठीपण तुम्ही पोरं टिक्कीपायी घालवणार," असे तिचे म्हणणे.

आजीचा मान राखून मला वेगळे वाटते. बटाटा मूळचा दक्षिण अमेरिकेतला. पोर्तुगिजांनी तो आपल्याकडे आणला, आणि 'बटाटा' हे नावही त्यांचेच. उलट 'आलू' हा शब्द संस्कृतातला. तेथे 'आलु' म्हणजे कंद. आपल्या अंकाच्या कन्नड विभागातील मित्रही 'आलूगड्डे'च म्हणतात. म्हणजे आजी ज्याला बाजारी समजते तो शब्द देशी, आणि तिचा घरंदाज शब्द परदेशी!

एकादशीच्या ताटाचीही तीच कथा. वाळवून तळलेला बटाट्याचा कीस, शेंगदाणे, हिरवी मिरची, आणि आजचा साबुदाणा ज्यापासून होतो तो कंद, सारेच मूळचे अमेरिकेचे. आपल्या पूर्वजांनी हे परके पदार्थ उपासालाही चालवून घेतले. मग टिक्कीने कोणाचा धर्म बुडणार?

मग जपण्यासारखे काहीच नाही काय? आहे. माझा धाकटा भाऊ टिक्की खातो याची मला चिंता नाही. आजी मराठीत विचारते आणि तो हिंदीत उत्तर देतो, याची आहे. तिचे बोलणे त्याला सारे कळते, पण त्याच्या तोंडून मराठी वाक्य निघत नाही. परका बटाटा आपला झाला, कारण तो रोज आपल्या चुलीवर चढला. भाषेलाही हाच नियम लागू आहे. म्हणून यंदाच्या सुट्टीत मी टिक्क्या बांधून घरी नेणार आहे. आजीसमोर बसून सर्वांनी खायच्या, मात्र गप्पा मराठीत. नाव आलू घ्या की बटाटा, तक्रार नाही.