अर्जाची तारीख आणि एसटीचं तिकीट

2025 साली बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षा 24 जानेवारीला सुरू झाल्या. जेईई मेनचं पहिलं सत्र त्याच्या दोन दिवस आधी, 22 तारखेला सुरू झालं होतं. लेखी परीक्षा 11 फेब्रुवारीपासून होत्या आणि नीटचे अर्ज 7 फेब्रुवारी ते 7 मार्च. बोर्डाच्या पेपरची उजळणी करणाऱ्या मुलीला त्याच पंधरवड्यात फोटोची साइज किती केबी असावी, ओबीसीचा दाखला राज्याच्या नमुन्यातला चालेल की केंद्राच्या, आणि परीक्षेचं शहर कोणतं निवडावं, हेही ठरवावं लागलं. हे दरवर्षी घडतं. तारखा थोड्या मागेपुढे होतात, गर्दी तीच राहते.

अभ्यासाचं वेळापत्रक प्रत्येक घरात असतं. अर्जाचं वेळापत्रक मात्र फार थोड्या घरांत असतं. प्रवेश परीक्षेतलं बरंच नुकसान पेपर हातात पडण्याच्या आधीच होऊन जातं, आणि त्या नुकसानीचा मोठा वाटा ज्यांच्याकडे पैसा आणि माहिती दोन्ही कमी आहे त्यांच्या पदरात पडतो. म्हणून ही तयारी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच सुरू व्हायला हवी. 2025 च्या जेईई मेनची नोंदणी 28 ऑक्टोबर 2024 ला, ऐन दिवाळीच्या आठवड्यात सुरू झाली आणि 22 नोव्हेंबरला संपली. राज्याच्या सीईटीचे अर्ज डिसेंबरअखेरीस आले. जे घर जानेवारीत जागं झालं, त्याच्या हातून जेईईचं पहिलं सत्र तोवर निसटलेलं होतं.

पहिला अडथळा नावाचा. महाराष्ट्र बोर्डाच्या दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी येतं, मग मुलाचं नाव, मग वडिलांचं. आधारवर बहुतेकांचं आडनाव शेवटी असतं. कुठे वडिलांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर, कुठे आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त. राष्ट्रीय चाचणी संस्था, म्हणजे एनटीए, नाव दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणे भरायला सांगते आणि ओळख पटवते आधारवरून. हा फरक अर्ज भरताना लक्षात आला की आधार केंद्रावर रांग लावायची, दुरुस्ती अद्ययावत होण्याची वाट पाहायची आणि तोवर अर्जाची मुदत सरकत राहते. दहावीचं प्रमाणपत्र आणि आधार शेजारी शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहायला दहा मिनिटं लागतात. ती दहा मिनिटं सप्टेंबरमध्ये काढलेली बरी.

दुसरा अडथळा दाखल्यांचा, आणि तो खरा वेळखाऊ. उत्पन्नाचा दाखला तहसीलदाराकडून, नॉन-क्रिमी लेयर प्रांत कार्यालयातून, जात पडताळणी जिल्हा समितीकडून. प्रत्येकाची मुदत वेगळी, नमुना वेगळा. सेतू केंद्रात 'नॉन-क्रिमी लेयर द्या' म्हटलं की राज्याच्या नमुन्यातला दाखला हातात पडतो. जेईई आणि नीटला केंद्राच्या नमुन्यातला लागतो, तो वेगळा मागावा लागतो. त्यातही मेख अशी की आयआयटी-एनआयटीच्या जोसा प्रवेशफेरीला त्या वर्षीच्या 1 एप्रिलनंतर काढलेला दाखला लागतो. नोव्हेंबरमध्ये अर्जासाठी काढलेला कागद जूनमध्ये पुरत नाही. मराठा समाजाच्या मुलासाठी राज्याच्या अर्जात एसईबीसी हा रकाना आहे, केंद्राच्या अर्जात तो नाहीच. तिथे निकषात बसत असेल तर केंद्राच्या नमुन्यातलं ईडब्ल्यूएस प्रमाणपत्र, नाहीतर खुला प्रवर्ग. कुणबी दाखला असेल तर गोष्ट पुन्हा वेगळी. इतका गुंता सतरा वर्षांच्या मुलाने बोर्डाच्या परीक्षेच्या तोंडावर सोडवावा ही अपेक्षाच चुकीची आहे. तो घरातल्या मोठ्यांनी आणि कॉलेजने आधी सोडवून ठेवायला हवा.

जात पडताळणीचं प्रकरण तर अकरावीतच हातात घ्यावं. प्रस्ताव कॉलेजमार्फत जातो, त्यात आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या निर्गम उताऱ्यापासून महसुली नोंदींपर्यंत कागद लागतात, आणि ते गावाकडच्या शाळेतून, तहसीलच्या अभिलेख कक्षातून मिळवावे लागतात.

आता फी. 2024 चे दर पाहू. जेईई मेनच्या एका सत्राला खुल्या प्रवर्गातल्या मुलाला 1000 रुपये, ओबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलाला 900, या प्रवर्गांतल्या मुलींना 800, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग उमेदवारांना 500. नीटला खुल्या प्रवर्गासाठी 1700, ओबीसी-ईडब्ल्यूएससाठी 1600, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांगांसाठी 1000. राज्याच्या सीईटीला एका गटासाठी खुल्या प्रवर्गाला 1000 आणि राखीव प्रवर्गाला 800. पीसीएम आणि पीसीबी दोन्ही द्यायचे तर दोन्हींची फी. जेईई अ‍ॅडव्हान्स्डला 3200, मुलींना आणि अनुसूचित जाती-जमातींना 1600.

बेरीज केली की चित्र दिसतं. अभियांत्रिकीला जाऊ पाहणारा खुल्या प्रवर्गातला मुलगा जेईई मेनची दोन्ही सत्रं देतो, अ‍ॅडव्हान्स्डला पात्र ठरतो आणि सीईटीही देतो, तेव्हा नुसत्या फीचे 6200 रुपये होतात. त्याच्याच वर्गातल्या मुलीचे 4200. खासगी विद्यापीठांच्या परीक्षा यात धरलेल्या नाहीत, त्यांतली एकेक परीक्षा हजारापासून तीन हजारांच्या पुढे जाते. ही फी परत मिळत नाही. म्हणून प्रत्येक अर्जाआधी एक प्रश्न विचारायलाच हवा: इथे प्रवेश मिळाला तर आपण तिथली चार वर्षांची फी भरून खरंच जाणार आहोत का? उत्तर नाही असेल तर अर्जही नको. मित्र भरतोय म्हणून भरलेल्या दोन अर्जांच्या पैशांत एखाद्या घराचा महिन्याचा किराणा येतो.

उलट, जिथे सवलत आहे तिथे ती सोडू नये. जुलै 2024 मध्ये राज्य सरकारने व्यावसायिक अभ्यासक्रमांतल्या मुलींसाठी मोठा निर्णय घेतला. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींचं शिक्षण शुल्क पूर्ण माफ, मात्र प्रवेश कॅप म्हणजे केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला हवा. वर्षाला लाखाच्या घरातल्या शुल्काचा हा प्रश्न आहे, आणि त्याची किल्ली पुन्हा उत्पन्नाच्या त्या साध्या दाखल्यातच आहे.

खर्चाचा मोठा भाग मात्र अर्जावर छापलेला नसतो. तो परीक्षेच्या शहरात असतो.

जेईई आणि सीईटी संगणकावर होतात. त्यामुळे जिथे शे-दोनशे संगणकांची प्रयोगशाळा आहे तिथेच केंद्र होऊ शकतं. अशा जागा बहुधा गावाबाहेरची अभियांत्रिकी कॉलेजं असतात, हायवेपासून आत, जिथे सकाळी सातला रिक्षा मिळेलच असं नाही. नीट अजून कागदावर होते, म्हणून तिला साध्या शाळाही चालतात आणि केंद्रं तुलनेने जवळ येतात. सीईटीचं सकाळचं सत्र नऊला सुरू होतं, पण केंद्रावर साडेसातला हजर व्हावं लागतं. जेईईला सकाळच्या पाळीत साडेआठला दरवाजा बंद होतो. नीटला दुपारी दीड वाजता. दीड वाजून दोन मिनिटांनी धावत आलेल्या मुलींचे फाटकापाशी रडतानाचे फोटो दरवर्षी छापून येतात. त्या आळशी नसतात. बस उशिरा आली, शहर अनोळखी होतं, एकाच नावाच्या दोन शाळा निघाल्या, अशी साधी कारणं त्यामागे असतात.

गडचिरोली जिल्ह्यात सिरोंचा ते जिल्ह्याचं ठिकाण हे अंतर दोनशे किलोमीटरांच्या आसपास आहे. सिरोंचाच्या मुलाला जिल्ह्यातलंच केंद्र मिळालं तरी साडेसातला पोहोचण्यासाठी आदल्या दिवशी निघावं लागतं, रात्रीचा मुक्काम करावा लागतो, आणि बरोबर आलेल्या वडिलांची दोन दिवसांची मजुरी बुडते. पुण्यातल्या मुलाची हीच परीक्षा मेट्रोच्या तिकिटात होते. फी दोघांनाही सारखीच.

त्यात परीक्षेचं शहर उशिरा कळतं. अर्जात विद्यार्थी शहरांचे पसंतिक्रम देतो. प्रत्यक्षात कोणतं शहर मिळालं हे जेईईच्या बाबतीत साधारण दहा-बारा दिवस आधी कळतं, आणि नेमकं केंद्र व पत्ता असलेलं प्रवेशपत्र तीन-चार दिवस आधी हातात येतं. रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं. दहा दिवस आधी पाहिलं तर वेटिंग लिस्ट. म्हणून एसटी उरते. महिलांना एसटीत निम्मं तिकीट आहे, तेव्हा मुलीबरोबर आईने जाणं अनेक घरांना परवडतं, आणि जातातही आयाच. परीक्षा संस्थांनी शहर निदान तीन आठवडे आधी सांगितलं तर किती घरांचे पैसे आणि झोप वाचेल, याचा विचार व्हायला हवा. हॉल तिकीट उशिरा देण्यामागे सुरक्षेचं कारण असू शकतं. शहराचं नाव उशिरा सांगण्यामागे तितकं सबळ कारण दिसत नाही.

पसंतिक्रम देताना घराचा पत्ता डोळ्यांसमोर ठेवून चालत नाही. परीक्षेच्या दिवशी मुलगा कुठे असेल, हे पाहावं लागतं. लातूर, नांदेड, पुणे, छत्रपती संभाजीनगर इथे क्लाससाठी राहणारी मुलं हजारोंनी आहेत. जानेवारीत ती खोलीवर असतात. मे महिन्यात मेस बंद झालेली असते, खोली सोडलेली असते, मुलगा गावी. जानेवारीच्या जेईईला लातूर सोयीचं, मेच्या नीटला कदाचित घराजवळचं शहर. दोन्ही अर्जांत सवयीने एकच शहर भरलं की मग एक रात्र लॉजमध्ये काढावी लागते.

पावसाचंही धरून चालावं लागतं. जुलै 2021 मध्ये कोकणात आणि पश्चिम महाराष्ट्रात महापूर आला, चिपळूण पाण्याखाली गेलं, नेमकी तेव्हाच जेईई मेनच्या तिसऱ्या सत्राची परीक्षा चालू होती. कोल्हापूर, सांगली, सातारा, रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्ग आणि पालघरच्या ज्या मुलांना केंद्रावर पोहोचता आलं नाही, त्यांना पुन्हा संधी देण्याचा निर्णय झाला. चूक परीक्षा घेणाऱ्यांकडूनही होते. 27 एप्रिल 2025 च्या सीईटीच्या सकाळच्या सत्रात गणिताच्या 21 प्रश्नांत गडबड निघाली, आणि त्या सत्रातल्या मुलांची 5 मे रोजी पुन्हा परीक्षा घ्यावी लागली. त्याच दिवशी बारावीचा निकालही लागला. असं काही घडलं तर पुढची सूचना येते ती अर्जात दिलेल्या मोबाइलवर आणि ईमेलवर.

आणि इथेच ग्रामीण भागात सगळ्यात महाग पडणारी चूक होते. अर्ज सायबर कॅफेत किंवा सेवा केंद्रात भरला जातो. विद्यार्थ्याचा ईमेल नसतो, म्हणून केंद्रचालक स्वतःचा देतो, कधी मोबाइल नंबरही स्वतःचाच. पासवर्ड त्याच्या वहीत राहतो. पुढे ओटीपी त्याच्या फोनवर, तो लग्नाला गेलेला, आणि कॅपच्या पर्याय भरण्याची शेवटची तारीख उद्यावर आलेली. दुरुस्तीची खिडकी उघडते खरी, पण 2025 च्या जेईई मेनमध्ये त्या खिडकीत मोबाइल नंबर आणि ईमेल बदलताच येत नव्हते. म्हणजे पहिल्या पाच मिनिटांत भरलेलं थेट प्रवेशापर्यंत सोबत येतं. सायबर कॅफेत जायला हरकत नाही, स्कॅन आणि प्रिंट तिथेच होणार. पण ईमेल मुलाचा, नंबर घरातला, पासवर्ड घरच्या वहीत, आणि शेवटचं बटण दाबण्याआधी प्रत्येक ओळ मुलाने स्वतः वाचलेली, एवढं झालंच पाहिजे. पैसे खात्यातून गेले आणि पोचपावतीचं पान आलं नाही, तर घाईने दुसऱ्यांदा भरू नये. आधी बँकेत नोंद पाहावी, संकेतस्थळावर पुन्हा लॉगिन करून स्थिती तपासावी. आणि हे सारं शेवटच्या रात्री करू नये, कारण शेवटच्या रात्री संकेतस्थळ अडखळतं.

परीक्षा आहे हेच माहीत नसणं, ही यातली सर्वांत वाईट गत. 2024 मध्ये बीबीए, बीसीए, बीएमएस या अभ्यासक्रमांना पहिल्यांदाच राज्याची सीईटी लागू झाली. बारावी वाणिज्य झालेल्या असंख्य मुलांना ते कळलंच नाही. जागांच्या तुलनेत नोंदणी फार कमी राहिली आणि ऑगस्टमध्ये जादा सीईटी घ्यावी लागली. तोवर अनेकांनी मिळेल तिथे प्रवेश घेऊन टाकला होता. 2026 पासून पीसीएम आणि पीसीबीची सीईटी वर्षातून दोनदा घेण्याचं राज्याने जाहीर केलं आहे. एका वाईट दिवसाने वर्ष जाऊ नये या दृष्टीने हे चांगलंच. पण दोन परीक्षा म्हणजे दोनदा फी, दोनदा प्रवास, आणि दुसऱ्या संधीच्या अर्जाची आणखी एक तारीख.

ही सगळी पूर्वतयारी करून घेण्याचं काम कनिष्ठ महाविद्यालयांचं आहे, आणि त्याला वेगळा निधी लागत नाही. दिवाळीच्या सुट्टीआधी दोन दुपारी संगणक कक्ष उघडा ठेवावा. पहिल्या दुपारी प्रत्येक बारावीच्या मुलामुलीचा ईमेल तयार व्हावा आणि दहावीचं प्रमाणपत्र आधारशी ताडून पाहिलं जावं. दुसऱ्या दुपारी कोणाला कोणता दाखला, कोणत्या नमुन्यात लागेल याची यादी पालकांच्या हातात पडावी. ज्या मुलांचे पालक सकाळी कामावर जातात, त्यांच्यासाठी वर्गशिक्षकांनी तहसील कार्यालयाला एकत्रित यादी द्यावी. सूचना फलकावर जेईई, नीट, सीईटीच्या तारखा बोर्डाच्या वेळापत्रकाशेजारी मोठ्या अक्षरांत लावाव्यात, आणि तारीख बदलली की त्याच दिवशी तो कागदही बदलावा.