किल्ला, चिखल आणि बाबाची प्रिंटआउट

दिवाळीच्या आधी आमच्या सोसायटीच्या बोर्डावर नोटीस लागली. पार्किंगमध्ये माती, विटा आणू नयेत, किल्ला करायचाच असेल तर रेडीमेड आणावा. रेडीमेड! म्हणजे प्लास्टरचा, रंगवलेला, बुरूज-दरवाजा-सिंहासन सगळं फिट्ट. आणा, मावळे ठेवा, फोटो काढा, संपलं. 2025 साली राजगड, रायगड धरून बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले, तेव्हा याच मंडळींनी ग्रुपवर अभिमानाचे मेसेज टाकले होते. असो.

मी कमिटीशी भांडलो आणि जिन्याखालची सहा बाय चारची जागा मिळवली. (भांडणाचा तपशील देत नाही, बायको हा ब्लॉग वाचते.)

जागा मिळाल्यावर मी काय केलं? लॅपटॉप उघडला. राजगडाचा वरून दिसणारा फोटो, बालेकिल्ला, पद्मावती, सुवेळा, संजीवनी अशा तिन्ही माच्या, स्केल वगैरे धरून चक्क प्रिंट मारली. सॉफ्टवेअरवाला माणूस, डिझाईन फ्रीज झाल्याशिवाय हात कसा चालणार! विटा मी रचल्या, पोती मी चिखलात बुचकळली. आठ वर्षांची आमची कन्या मला मगाने पाणी देत होती. अर्ध्या तासात कंटाळून वर गेली आणि टीव्ही लावून बसली. खरंच आहे तिचं. बाजारातला किल्ला काय आणि बाबाचा काय, तिच्यासाठी दोन्ही रेडीमेडच.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून यायला उशीर झाला. तोवर पोरांनी माझी संजीवनी माची पाडून तिथे तळं खणलं होतं! जाम राग आला. पण कन्या म्हणाली, "बाबा, तुझ्या गडावर पाणीच नव्हतं. मावळे काय पिणार?"

आता गंमत अशी की तळ्यात पाणी थांबेना. ओतलं की गायब. प्लास्टिकची पिशवी घातली, ती शेजारच्या पोराने "चीटिंग" म्हणून उपटून फेकली. मग वाळू टाकली, त्यात तर आणखी पटकन जिरलं. शेवटी कोणाच्या तरी घरातून गणपतीतला उरलेला शाडूचा गोळा आला, तो आतून लिंपला आणि पाणी थांबलं. मी तोंडाशी आलेलं उत्तर गिळत बाजूला उभा. सोपं नसतं हो ते, विशेषतः दिवसभर लोकांचे कोड रिव्ह्यू करणाऱ्याला.

पुढच्या रविवारी सिंहगडावर गेलो. एरवी पिठलं-भाकरीच्या पुढे न सरकणारी ही मुलगी देवटाक्यापाशी वाकून बघत बसली. "यांनी शाडू कुठे लावलाय?" मग कातळावरून हात फिरवून स्वतःच म्हणाली, "अरे, हे दगडातच खोदलंय!"

आपण आयटीवाले पोरांना रोबोटिक्सच्या क्लासला घालतो, टी-शर्टसकट नेचर कॅम्पला पाठवतो. माझा त्याला विरोध नाही. पण तिथेही कोणीतरी प्रिंट मारून ठेवलेलीच असते. चूक करून ती स्वतःच निस्तरायची मुभा आमच्या लहानपणी अंगणात फुकट होती. आता त्यासाठी अर्ज करावा लागतो.

किल्ल्यावर पेरलेलं हळीव भाऊबीजेपर्यंत उगवलं, तेही एकाच बाजूला. पुढच्या वर्षीचा अर्ज मी टाईप करून ठेवलाय. जागा आठ बाय सहा मागितली आहे.