पत्ता तपासा, मगच फाइल धाडा

धुळ्यात पत्ता सांगताना गल्लीचा नंबर सांगावाच लागतो. चारऐवजी पाच लिहिले, तरी पोस्टमन चार घरी विचारून पाकीट पोहोचवतो. संगणकाला ही विचारपूस जमत नाही. फोल्डरच्या नावात एक अक्षर चुकले की फाइल भलतीकडे पडते किंवा कुठेच पोहोचत नाही.

हा प्रश्न फक्त संगणकवाल्यांचा राहिलेला नाही. खान्देशातल्या तालुक्याच्या गावी सिटी स्कॅन निघतो, तो पाहणारा रेडिओलॉजिस्ट नाशिक किंवा पुण्यात असू शकतो. प्रतिमा दूरच्या सर्व्हरवरील ठरलेल्या फोल्डरमध्ये जातात. पक्षाघातात गुठळी विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि त्याआधी स्कॅन पाहावाच लागतो. तेव्हा फाइल शोधण्यात गेलेली वीस मिनिटे रुग्णाच्या हातापायांवर निघतात.

फाइल पाठवण्याची एफटीपी ही पद्धत अभय भूषण या भारतीय अभियंत्याने १९७१ साली प्रथम मांडली. तिच्यात सावधगिरीची सोय आहे. सांगितलेले फोल्डर सापडले नाही, तर सर्व्हर ५५० हा नकाराचा क्रमांक कळवतो. पण तो न वाचताच पुढची आज्ञा देणारे सॉफ्टवेअर फाइल आधी उघड्या असलेल्या फोल्डरमध्येच टाकते, आणि पडद्यावर 'पाठवले' असे झळकते. विंडोजला इंग्रजी नावातले मोठे-लहान अक्षर सहसा सारखेच वाटते, लिनक्सला नाही. त्यामुळे दवाखान्यातल्या संगणकावर बरोबर वाटणारा मार्ग सर्व्हरवर चुकीचा ठरतो.

दुसरा धोका याहून गंभीर आहे. मार्गात दोन टिंबे लिहिली की 'एक पायरी वर जा' असा अर्थ होतो. सॉफ्टवेअरने हे तपासले नाही, तर बाहेरचा माणूस पायऱ्या चढत नको त्या खोलीत पोहोचतो. सोलरविंड्स कंपनीच्या सर्व्ह-यू या सॉफ्टवेअरमध्ये जून २०२४ मध्ये असाच दोष उघड झाला. लॉगिन न करताही सर्व्हरवरील फाइल वाचता येत होत्या.

महाराष्ट्राने बेफिकिरीचा अनुभव घेतलेला आहे. ग्रीनबोन या जर्मन कंपनीच्या पाहणीत, उघड्या सर्व्हरवर सापडलेल्या वैद्यकीय नोंदींत देशातील राज्यांत महाराष्ट्र सर्वांत वर होता. ती बातमी २०२० च्या सुरुवातीची. तिथे तर दाराला कुलूपच नव्हते. पण कुलूप लावून खिडकी उघडी ठेवली, तर फरक काय पडला?

तपासणीने काम रेंगाळते, कर्मचारी वैतागतात, असे विक्रेते सांगतात. फोल्डर आहे का, तिथे लिहिण्याची परवानगी आहे का, मार्ग ठरलेल्या हद्दीतच राहतो का आणि पोहोचलेल्या फाइलचा आकार जुळतो का, हे पाहायला संगणकाला क्षणभर पुरतो. चुकीचा मार्ग आढळल्यास स्वतःच्या मनाने दुरुस्ती न करता त्याने थांबून स्पष्ट सांगावे.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात वाजवी सुरक्षा न राखल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. दंडाची वाट कशाला पाहायची? सॉफ्टवेअर घेताना रुग्णालयांनी एक परीक्षा घ्यावी : मुद्दाम चुकीचे फोल्डर लिहून फाइल पाठवावी. तरीही 'पाठवले' असे उत्तर आले, तर ते सॉफ्टवेअर परत करावे.